पावसाळाभर पडून असलेले जुने पॅराग्लायडर टेकडीवर नेण्यापूर्वी काय काय तपासावे?

पवनाकाठ :

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात मी पुणे जिल्ह्यातील कामशेतला पॅराग्लायडिंग प्रशिक्षणाचे पी-१ आणि पी-२ हे सुरुवातीचे दोन्ही टप्पे पूर्ण केले. त्या वेळी सगळी सामग्री प्रशिक्षण संस्थेची होती, त्यामुळे ती तपासण्याची जबाबदारी माझ्यावर कधी आली नाही. आता एका परिचितांनी उडणे थांबवल्यामुळे त्यांचे ईएन-ए वर्गाचे (युरोपीय वर्गवारीतील नवशिक्यांसाठीचे) ग्लायडर, हार्नेस (बसण्याचा पट्ट्यांचा साज) आणि रिझर्व्ह (संकटकाळी उघडायचे) पॅराशूट मी विकत घेतले आहे. ग्लायडर सुमारे सहा वर्षांचे असून यंदाचा पूर्ण पावसाळा ते त्यांच्या माळ्यावर बॅगेतच होते. वरवर पाहता कापड स्वच्छ आहे आणि कुठे फाटलेले दिसत नाही, मात्र बॅग उघडल्यावर कुबट वास आला.

माझे वजन ७४ किलो आहे आणि ग्लायडरवरील पट्टीवर ७५ ते ९५ किलो असे छापलेले आहे, म्हणजे मी किंचित कमी पडतो असे वाटते. ऑक्टोबरचा हंगाम तोंडावर आहे. घरच्या घरी काय तपासता येईल, काय जाणकारांकडे पाठवावे लागेल आणि टेकडीवर पोचल्यावर कोणत्या वाऱ्यात उडावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घाटमाथा :

वजनाची शंका आधी दूर करतो. पट्टीवरची मर्यादा केवळ शरीराच्या वजनाची नसते. ग्लायडर, हार्नेस, रिझर्व्ह, हेल्मेट, बूट, कपडे, पाण्याची बाटली असे जे जे हवेत जाते त्या सगळ्याचे ते एकत्रित वजन असते. तुमच्या बाबतीत ते ९० किलोच्या आसपास जाईल, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या वरच्या भागात बसता आणि नवशिक्यासाठी ते वाईट नाही, कारण वजन कमी पडलेले ग्लायडर खडबडीत हवेत अधिक सहज कोलमडते. तरीही अंदाजावर न राहता सगळे अंगावर चढवून काट्यावर उभे राहा आणि तोच आकडा रिझर्व्हवर छापलेल्या कमाल भाराशीही ताडून पाहा. रिझर्व्हचा ईएन १२४९१ हा मानदंड कमाल भारासह उतरण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरपेक्षा अधिक नसावा असे सांगतो. भार त्याहून वाढला की ही हमी उरत नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडचा पावसाळा हा रिझर्व्हचा खरा शत्रू आहे, आणि तुमच्या वर्णनात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ग्लायडर नसून रिझर्व्ह आहे. ते शेवटचे कधी उघडून घडी केले, याची नोंद विचारा. उत्पादक साधारणपणे सहा ते बारा महिन्यांतून एकदा नव्याने घडी करण्यास सांगतात, पण मावळात किंवा कोकणपट्टीत चार महिने दमट हवेत राहिलेल्या रिझर्व्हच्या बाबतीत मी पुढच्या तारखेची वाट पाहत नाही. पावसाळा संपला की ते उघडायचेच. दमटपणाने कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि दोऱ्यांच्या गुंडाळ्या धरून ठेवणारी रबरे वितळल्यासारखी होऊन दोरीला घट्ट बसतात. अशा रिझर्व्हला उघडायला लागणारा वेळ वाढतो, आणि टेकडीपासून शे-दीडशे मीटर उंचीवर तो वेळ तुमच्यापाशी नसतो. एक दिवस ते सावलीत, हवेशीर खोलीत टांगून ठेवा आणि घडी मात्र शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

घडी झाल्यावर एक गोष्ट हमखास राहून जाते. हार्नेस छताला टांगून त्यात बसा, डोळे समोर ठेवून हाताने हँडल शोधा आणि एकदा खरोखर ओढून पाहा. रिझर्व्ह एका कंपनीचे आणि हार्नेस दुसऱ्या कंपनीचा असेल तर आतली पिशवी कधी कधी कप्प्याच्या तोंडाशी अडकते. हे घरी कळलेले बरे.

कापडाबाबत थोडक्यात सांगतो. कुबट वास येतो म्हणजे ओल होती. ग्लायडर सावलीत पसरून पूर्ण वाळू द्या, बुरशीचे ठिपके असतील तर साधे गोडे पाणी आणि मऊ फडके एवढेच वापरा. साबणाने कापडावरचा लेप जातो. सगळे कप्पे उजेडासमोर धरून आतून पाहा. घडी घालताना आत सापडलेला नाकतोडा बाहेर पडण्यासाठी कापड कुरतडतो आणि अशी बारीक भोके शिवणीलगत असतात, त्यामुळे ती सहज नजरेस पडत नाहीत.

मोकळा_वारा :

घाटमाथा यांचे म्हणणे योग्यच आहे, पण नव्या माणसाला एवढे घाबरवू नये असे वाटते. सहा वर्षांचे ईएन-ए ग्लायडर म्हणजे काही भंगार नव्हे. एखाद्या मोकळ्या मैदानात चांगल्या वाऱ्यात ते फुगवून पाहावे. सरळ वर आले, डोक्यावर स्थिर राहिले, ब्रेकला (मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्यांना) प्रतिसाद दिला, तर कापड आणि दोऱ्या ठीक आहेत असे समजायला हरकत नाही. आमच्यापैकी बहुतेक जण हंगामाच्या सुरुवातीला एवढेच करतात.

दोरखंड :

मी गेली अनेक वर्षे ग्लायडरच्या दोऱ्या मोजणे आणि दुरुस्त करणे हेच काम करतो, म्हणून मोकळा_वारा यांच्या मताला नम्रपणे हरकत घेतो. मैदानातला सराव आवश्यक आहे, पण चांगल्या वाऱ्यात फुगवणे ही तपासणी नव्हे, कारण ताशी १५ किलोमीटरचा वारा थकलेल्या ग्लायडरलाही डोक्यावर आणून उभे करतो आणि नेमका दोष झाकून टाकतो. दोष पाहायचा असेल तर वारा जवळजवळ पडलेला असताना, पुढे तोंड करून धावत ते वर घ्या. ते अर्ध्यावर रेंगाळत असेल, मागे ओढून धरत असेल किंवा सतत एकाच बाजूला झुकत असेल, तर त्याला कारण असते.

पहिले कारण कापडाची सच्छिद्रता. ऊन आणि वापर यांनी लेप झिजतो आणि कापडातून हवा झिरपू लागते. तोंडाने कापडातून हवा ओढून पाहण्याची पद्धत प्रचलित आहे; तिच्यावरून फार वाईट कापड ओळखता येते, चांगल्याची खात्री मात्र मिळत नाही. कार्यशाळेत ठरावीक प्रमाणात हवा कापडाच्या तुकड्यातून जायला किती सेकंद लागतात हे यंत्राने मोजतात. नव्या कापडाला काही शे सेकंद लागतात. तो आकडा दहा-वीसवर आला की ग्लायडर निवृत्त करण्याची वेळ आली. कापड, विशेषतः वरच्या पृष्ठभागाचे, फार झिरपू लागले तर डीप स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल व पुढची गती हरपण्याचा, धोका वाढतो. त्या अवस्थेत कॅनोपी (कापडी पंख) डोक्यावर फुगलेली दिसते, पण ती पुढे सरकत नाही आणि माणूस जवळजवळ सरळ खाली येतो.

दुसरे कारण दोऱ्यांची लांबी, आणि ते अधिक फसवे आहे. पुढच्या ए आणि बी रांगांच्या दोऱ्या बहुतेक भार उचलतात, त्यामुळे त्या ताणलेल्या राहतात. मागच्या सी रांगेवर आणि ब्रेकच्या दोऱ्यांवर भार कमी असतो, आणि डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या ओल्या होऊन वाळल्या की हळूहळू आखडतात. म्हणजे ग्लायडरची मागची कड नकळत खाली ओढली जाते, आघातकोन (पंख समोरच्या हवेला ज्या कोनात भिडतो तो) वाढतो, वेग घटतो आणि ते स्टॉलच्या जवळ जाते. दोन-तीन सेंटिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दोऱ्या ठरावीक ताणाखाली, साधारणपणे पाच किलोच्या, मोजून उत्पादकाच्या तक्त्याशी ताडाव्या लागतात. काही जण आखडलेल्या दोऱ्या घरीच झाडाला बांधून जोराने ओढतात. मोजल्याशिवाय असे कधीही करू नये, कारण कोणती किती आखडली हे ठाऊक नसताना ओढल्याने असमानता वाढते.

घरी तुम्ही एवढे नक्की करू शकता. एकेक दोरी राइझरपासून (दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांपासून) कॅनोपीपर्यंत अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये धरून सरकवा. वरचे आवरण चिरलेले, आत गाठाळ किंवा एखाद्या जागी पोकळ लागले तर तेथे खूण करा. अ‍ॅरामिड या दुसऱ्या धाग्याच्या दोऱ्या, ज्या आतून पिवळसर असतात, वारंवार एकाच जागी दुमडल्याने आतून तुटतात आणि बाहेरून धड दिसतात. राइझरला दोऱ्या जोडणाऱ्या धातूच्या कड्यांचे आटे पूर्ण आवळलेले आहेत का, हे पाहा. राइझर हार्नेसला अडकवणारे मुख्य कॅराबिनर (उघडझाप होणारे हुक) किती जुने आहेत ते कळत नसेल तर नवे घ्या; ग्लायडरच्या किमतीत तो खर्च नगण्य आहे.

बहुतेक उत्पादक दोन वर्षांतून एकदा किंवा शंभर तासांनंतर पूर्ण तपासणी सांगतात. तुमच्याकडे तिचा कागद नसेल तर तपासणी झालेलीच नाही असे धरा आणि ग्लायडर पाठवा.

घाटमाथा :

दोरखंड यांच्याशी सहमत आहे. टेकडीवरच्या गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये कामशेतच्या टेकड्यांवर गवत उभे असते आणि पुढे महिन्याभरात त्याची कुसळे होतात. पसरलेल्या दोऱ्या गवताच्या काड्यांत अडकतात आणि कुसळे दोन दोऱ्यांना एकत्र शिवून टाकतात. वर घेताना ती गाठ पंखाच्या टोकाशी राहिली तर ग्लायडर हवेत एका बाजूला वळत राहते. म्हणून दोऱ्या हाताने मोकळ्या करा, केवळ राइझर झटकून समाधान मानू नका. ग्लायडरकडे तोंड करून उलटे उभे राहून ते वर घेण्याचा मोठा फायदा हाच, की निघण्यापूर्वी संपूर्ण कॅनोपी आणि दोऱ्या डोळ्यांनी पाहता येतात. शंका आली तर खाली घ्या.

निघण्यापूर्वीची तपासणी नेहमी एकाच क्रमाने करा: पायांचे दोन्ही पट्टे, छातीचा पट्टा, हेल्मेट आणि रिझर्व्हची पिन, मग कॅराबिनर आणि राइझर, मग दोऱ्या, मग कॅनोपीची पुढची कड उघडी आहे का, आणि शेवटी वारा व मोकळे आकाश. मधेच कोणी नाव घेऊन हाक मारली, फोटो काढायला सांगितले किंवा वारा पडला म्हणून तुम्ही पट्टे सोडून बसलात, तर पुढे जिथे थांबलात तिथून नव्हे, पहिल्यापासून सुरुवात करा. पायांचे पट्टे न लावता उडालेले वैमानिक बहुधा अननुभवी नसतात. त्यांनी एकदा पट्टे लावलेले असतात, वाट पाहताना सोडलेले असतात आणि मनात मात्र ते लागलेलेच असतात.

वाऱ्याविषयी. हिवाळ्यात सकाळी बहुधा पूर्वेकडचा हलका वारा असतो आणि दुपार उलटली की पश्चिमेकडचा वारा चढतो. मार्चनंतर तो अधिक जोरकस होतो. ईएन-ए ग्लायडरचा सामान्य वेग ताशी ३६ ते ३८ किलोमीटर असतो. टेकऑफवर २० चा वारा मोजला तर माथ्यावर तो त्याहून जास्त असणार, कारण टेकडीवर चढताना हवा आक्रसते आणि वेग घेते. तुमच्या टप्प्यावर १५ पर्यंतचा आणि झोतांमध्ये फारसा फरक नसलेला वारा पुरेसा आहे. एकदाच मोजू नका. पाच-दहा मिनिटे वाऱ्याचा मापक हातात धरून उभे राहा. आकडा १० वरून २० वर आणि परत १० वर जात असेल, तर सरासरी १५ आली तरी उडण्याजोगा वारा नव्हे. जागेवरच उंच जाऊ लागलात तर माथ्यामागे ढकलले जाण्याची वाट पाहू नका, कारण टेकडीच्या मागच्या बाजूला घुसळलेली हवा असते. वेळीच पुढे दरीकडे सरका.

उतरण्याची जागा उडण्यापूर्वी पायी जाऊन पाहा. ऑक्टोबरमध्ये खाली इंद्रायणी भाताची उभी शेते असतात. हिवाळ्यात ज्या खाचरात उतरण्याची तुम्हाला सवय आहे, तिथे आता पीक आहे. शेतकऱ्याचे नुकसान तर होतेच, आणि ओल्या भातात दोऱ्याही खराब होतात. विजेच्या तारा कुठून जातात तेही त्याच फेरीत पाहून घ्या.

पवनाकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काट्यावर एकत्रित वजन ९१ किलो भरले. रिझर्व्हचा कमाल भार १०० आहे. तपासणीचा कागद नाही, त्यामुळे ग्लायडर पाठवणार आहे आणि रिझर्व्ह घडीसाठी दिले आहे. दोऱ्या चाचपताना एक गोष्ट आढळली. ब्रेकच्या मुख्य दोरीवर कारखान्याची काळी खूण दिसते, पण हँडलची गाठ त्या खुणेच्या बरीच वर मारलेली आहे. मागील मालकांना ब्रेक आखूड आवडत असत असे ते म्हणाले. हे तसेच राहू द्यावे का?

दोरखंड :

तसेच राहू देऊ नका. हात पूर्ण वर असताना ब्रेकच्या दोरीत थोडी ढिलाई असायलाच हवी आणि मागची कड हलू लागण्यापूर्वी हँडल साधारण दहा सेंटिमीटर मोकळे खाली यावे. आखूड दोरीमुळे तुम्ही हात वर ठेवूनही थोडा ब्रेक लावूनच उडत असता आणि स्पीडबार (वेग वाढवण्यासाठी पायाने दाबायचा दांडा) दाबला की हे आणखी वाढते. शिवाय मागच्या दोऱ्या आखडलेल्या असतील तर दोन्ही दोष एकाच दिशेने काम करतात आणि स्टॉलपर्यंतचे अंतर तुमच्या सवयीपेक्षा बरेच कमी उरते. संस्थेच्या ग्लायडरवर शिकलेले हात तेवढेच खाली येणार, हे लक्षात घ्या.

मात्र गाठ आत्ताच सोडून खुणेवर आणू नका. ग्लायडर पाठवताना सोबत चिठ्ठीत ही बाब लिहा, म्हणजे आधी सगळ्या दोऱ्यांची मोजणी होईल आणि मग ब्रेक त्या मापानुसार बसवले जातील. परत आल्यावर पहिले उड्डाण सकाळच्या हलक्या वाऱ्यात, प्रशिक्षक रेडिओवर असताना करा आणि त्या उड्डाणात वळणे घेण्यापलीकडे काही करू नका. खाली आल्यावर दोन्ही ब्रेकची मोकळी लांबी सारखी वाटली का, एवढे लिहून ठेवा आणि मला येथे कळवा.