'दिसले' की 'भासले'? मंगळावरच्या हाडाला काय म्हणायचं

अनुवादिनी: मुलांच्या मासिकासाठी मंगळावरच्या दगडांवरचा लेख मराठीत आणतेय. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने १४ ऑगस्ट २०१४ ला काढलेला फोटो आठवतोय? झिजलेला दगड, पण हुबेहूब मांडीचं हाड. मी लिहिलं, 'हाडासारखा दिसणारा दगड'. संपादकांनी मथळा केला, 'मंगळावर दिसले हाड!' हरकत घेतली तर म्हणतात, "दिसलंच ना? आहे असं कुठे म्हटलंय?" भलत्याच आकारात ओळखीची वस्तू दिसते ना, त्या पॅरायडोलियाला नेमका शब्द हवाय. 'भास' चालेल?

नीरक्षीर: नको. भासाला समोर काही असावंच लागत नाही. आजी गेल्यावर महिनाभर तिच्या काठीचा आवाज यायचा, तो भास. इथे दगड खरा आहे, ओळख चुकली. दोरीवर साप दिसतो त्याला वेदान्ती 'अध्यास' म्हणतात. तयार शब्द आहे, वापरा.

खडीसाखर: चौथीतल्या पोराला अध्यास? स्वाध्याय समजून वही काढेल. 'चकवा' म्हणा की.

नीरक्षीर: चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच शेताला फेऱ्या घालतो. फोटोत कोण फिरतंय?

खडीसाखर: झूम करत बसणारे! २०१९ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या एका मानद प्राध्यापकांना रोव्हरच्या फोटोंत किडे दिसले, जिवंतही आणि जीवाश्मही. आणि ते हौशी नव्हेत, चांगले कीटकशास्त्रज्ञ. आयुष्यभर किडे पाहिले, मग दगडातही तेच. विद्यापीठाने नंतर ती बातमी काढून टाकली.

गारगोटी: आमच्या भूशास्त्रात याला 'मिथ्याजीवाश्म' म्हणतात. खडकाच्या भेगेत मँगनीजची ऑक्साइडं अशी फांद्या फोडत पसरतात की नेचाच वाटावा. पहिल्या सहलीत असा तुकडा रुमालात गुंडाळून सरांकडे नेला. त्यांनी थुंकी लावून पुसला, भिंग धरलं आणि म्हणाले, "पानाला शीर असते. हिची दाखव." पोरं वर्षभर मला 'नेचा' म्हणत होती. मंगळाच्या हाडाचंही तेच. नासाने तेव्हाच सांगितलं होतं, तिथे जीव असलेच तर सूक्ष्म; मोठ्या प्राण्यांना पुरेल एवढा ऑक्सिजन बहुधा कधीच नव्हता. मग मांडी कुणाची?

नीरक्षीर: म्हणजे 'मिथ्या' चालतं, 'अध्यास' जड?

माईआत्या: मला तर 'दिसणे'च दोषी वाटतं. 'चंद्र दिसला' आणि 'तो दमलेला दिसला', एकच क्रियापद दोन घरी राबतंय. संपादकांनी 'सारखा' काढला आणि दगडाचं हाड झालं. बाकी 'जीवाश्म' तरी कुठे धड आहे? लॅटिनमध्ये फॉसिल म्हणजे नुसतं 'खणून काढलेलं'. आमच्या देवघरात गंडकीचा शाळिग्राम आहे, आत चक्र. ते चक्र म्हणजे अमोनाइट या नामशेष समुद्री प्राण्याचा शंख, अस्सल जीवाश्म. सासूबाईंना कौतुकाने सांगायला गेले, "आई, ही गोगलगायीची लांबची बहीण." दोन दिवस अबोला.

गारगोटी: गोगलगायीपेक्षा माकूळ जवळचं.

माईआत्या: ते सांगितलं असतं तर देवघरातून मलाच बाहेर काढलं असतं.

खडीसाखर: पण शाळिग्राम की शालिग्राम?

अनुवादिनी: अहो, माझा मथळा! उद्या छपाईला जायचाय.

नीरक्षीर: शालिग्राम. तत्सम आहे.

माईआत्या: आमच्या देवघरात पाच पिढ्या शाळिग्रामच आहे. मराठीला ळ दिलाय तो काय लोणच्याला घालायला?