विषय: डिसेंबरात मुलांना खडपांवर न्यायचंय, दिवस कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी,
सुट्टीत रत्नागिरीला आजी-आजोबांकडे मुक्काम आहे. मुलं 6 आणि 9 वर्षांची. एक सकाळ खडपांवर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावरच्या खडकांवर, घालवायची आहे. कोणता दिवस धरावा, बरोबर काय घ्यावं? आजोबांनाही यायचंय, पण त्यांचे गुडघे दुखतात.
– मृ., एडिसन

---

मृ. ताई,
तारीख सोडा, तिथी बघा. आजीच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पुरे. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते, तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे पावणेआठला ओहोटी. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोर पुढे दोन-तीन दिवस राहतो, म्हणून द्वितीया-तृतीया धरा: पाणी लांब हटतं आणि तेही कोवळ्या उन्हात. अष्टमी टाळा. तेव्हा भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत लहान; पाणी फारसं मागे जात नाही आणि ओहोटी येते ऐन दुपारी.

पायात नाडीचे जुने कॅनव्हास बूट. चपला शेवाळावर सटकतात, आणि कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात.
– श., लंडन

---

श. यांचा हिशेब मुंबईला बसतो. रत्नागिरीला भरती-ओहोटी मुंबईच्या आधी येते, त्यामुळे तिथीने दिवस ठरवा आणि वेळ रत्नागिरीच्याच तक्त्यात बघा.

ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि उतरत्या पाण्यामागे जा. पाणी तळाला लागलं की परत फिरायचं, मुलं कितीही रडोत. चढताना पाणी सारख्या वेगाने येत नाही: पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. पहिला तास माणूस गाफील राहतो, आणि तोवर मागच्या घळी भरलेल्या असतात. जाताना ओलांडलेली घळ मुलांनाच लक्षात ठेवायला सांगा.

बादली नको, आइस्क्रीमचा पांढरा डबा घ्या. पांढऱ्या तळावर पारदर्शक कोळंबीसुद्धा दिसते. पाच मिनिटं बघून जिथलं तिथे सोडा, डब्यातलं पाणी उन्हात भराभर तापतं. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा. खालच्या बाजूची अंडी उन्हात वाळून मरतात. शंखातला खेकडा ओल्या तळव्यावर ठेवून हात स्थिर धरा. आधी मिशा, मग डोळ्यांचे दांडे, मग पाय बाहेर येतात. ओढू नका: मागचं अंग मऊ असतं, तुटेल पण शंख सुटणार नाही. शंकूच्या आकाराच्या जिवंत शंखाला मात्र हात नाही. काहींचा डंख जिवावर बेततो.

वाळूत गुडघाभर पाण्यातून जायचं तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच पळतो. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात (45 अंशांच्या आत) अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची आणि डॉक्टर गाठायचा. चहाचा थर्मास त्यासाठी भरलेला असू द्या. मोठ्याने आधी स्वतःचा हात घालून बघावं. दुखऱ्या पायाला चटका कळत नाही.
– व., डब्लिन

---

एक राहिलं. पोरांच्या खिशातून प्रवाळाचे पांढरे तुकडे विमानतळापर्यंत जातात. मेलेलं असलं तरी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. फोटो काढा, तुकडा तिथेच राहू दे.

आजोबांना खडपांवर नेऊच नका. ओल्या वाळूत खुर्ची मांडा, पायांखाली फळी सरकवा, नाहीतर खुर्ची रुतते. पायाशी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. वाटाण्याएवढा खेकडा वाळू तोंडात घेऊन खाण्याजोगं तेवढं चाळतो आणि उरलेल्याची गोळी टाकतो. बिळापासून निघणाऱ्या रेघा म्हणजे त्याच्या फेऱ्या. हलल्याबरोबर तो बिळात जातो, परत यायला दोन-तीन मिनिटं निश्चल बसावं लागतं. ते आजोबांनाच जमेल.
– प्र., सिंगापूर