मदत हवी आहे: लेखाच्या दुसऱ्या पानावर आकृत्यांचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात

वर्डप्रेसवर लांबलचक लेख आहेत, नेक्स्टपेज टॅग टाकून पानांत तोडलेले. आकृत्यांना क्रमांक सीएसएस काउंटरने (पानाच्या स्टाइलमधली आपोआप मोजणी) देतो. पहिल्या पानावर १ ते ६ बरोबर येतात, पण दुसऱ्या पानावर ७ ऐवजी पुन्हा १. कारण उघड आहे: ब्राउझरसमोर एका वेळी एकच पान असतं, मागे किती आकृत्या झाल्या हे त्याला कळणार कसं? त्यामुळे मजकुरातलं 'आकृती ९ पाहा' निरर्थक ठरतं.

क्रमांक हाताने लिहायचे नाहीत. मध्ये एक आकृती घुसली की पुढचं सगळं सरकतं (आणि संपादक मंडळी मध्येच घुसवतात!).

काउंटर-रीसेटला (मोजणी सुरू करणाऱ्या सीएसएस नियमाला) सुरुवातीचा आकडा देता येतो, म्हणजे आधीच्या पानांवरच्या आकृत्या सर्व्हरवर मोजून तो आकडा इनलाइन स्टाइलमध्ये (थेट पानाच्या एचटीएमएलमध्ये) टाकता येईल. वर्डप्रेसच्या द-कंटेंट फिल्टरला (मजकूर दाखवण्याआधी त्यात बदल करू देणारी सोय) फक्त चालू पान मिळतं. कंटेंट-पॅजिनेशन फिल्टरमध्ये मात्र सगळी पानं अ‍ॅरेमध्ये (एका यादीत) हाती येतात. तिथेच मोजावं, की लेख सेव्ह होतानाच क्रमांक मजकुरात पक्के करावेत? दुसऱ्या मार्गाने 'आकृती ९ पाहा' ची लिंक योग्य पानावर नेणंही जमेल असं वाटतं. कोणी केलंय का? जावास्क्रिप्टचा उपाय नको.