गाभाऱ्यात पाणी, छतावर सिमेंट: जुन्या हेमाडपंती देवळाची दुरुस्ती कुठून सुरू करावी?

गोदाकाठ
परभणी जिल्ह्यातल्या एका गावातलं महादेवाचं देऊळ आहे, पूर्वाभिमुख. ताशीव काळा दगड, चुन्याशिवाय रचलेला. गाभारा, अंतराळ (गाभारा आणि मंडप यांच्यामधली छोटी जागा) आणि साधारण ८ बाय ८ मीटरचा सभामंडप. मूळ शिखर नाही, त्या जागी विटांचा घुमट आहे. छतावर सिमेंटचा कोबा, सांध्यांत सिमेंट, खांबांना ऑइलपेंट. उत्तरेच्या भिंतीत पिंपळ वाढलाय, मंडपाची एक तुळई (छत पेलणारा आडवा दगड) मधोमध तडकली आहे, जोत्याचा ईशान्य कोपरा खचलाय. पावसाळ्यात गाभाऱ्यात घोटाभर पाणी साचतं. गावात पाडून स्लॅबचं नवं बांधायचा विचार जोर धरतोय. हे वाचेल का? आणि देवळाचा जुना इतिहास कुठं शोधायचा?

अश्मक
इतिहासाचं मी सांगतो, बांधकामाचं जाणकार सांगतील.

'हेमाडपंती' या नावावरून काळ ठरवू नका. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे १३व्या शतकाचा उत्तरार्ध. मराठवाड्यातली पुष्कळ देवळं त्याआधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या होट्टलची देवळं बघा. घुमट चुन्यात आणि कमानीच्या पद्धतीचा असेल तर तो नंतरच्या दुरुस्तीतला. पण वीट दिसली म्हणून लगेच 'नंतरचं' म्हणू नका. तुमच्याच जिल्ह्यातल्या धारासूरच्या गुप्तेश्वर देवळाचं शिखरही विटांचंच आहे. विटांची लांबी-रुंदी-जाडी मोजून फोटो काढून ठेवा.

शिलालेख तुळईवर, खांबाच्या चौकोनी भागावर, उंबऱ्याजवळ किंवा आवारातल्या उभ्या दगडावर असतो. रंगाखाली अक्षरं दबलेली असतात. रात्री बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड टाका, कोरीव रेषा उठून दिसते. वीरगळ (वीराच्या स्मरणाचा दगड), गद्धेगाळ (शापाचं चित्र कोरलेला दानाचा दगड) पारावर हलवू नका. जागा बदलली की त्यांचा अर्धा पुरावा जातो.

कागद तहसीलला. खासरा पाहणी (जमिनींची सरकारी नोंद) १९५४-५५ आणि त्याआधीची इनामाची कागदपत्रं मागा. देवस्थानाला जमीन होती का, ती खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यातलं इनाम) म्हणून कोणत्या सेवेसाठी लावली होती, हे तिथं कळतं. मुंतखब (इनाम मान्य केल्याचा निजामकाळातला कागद) मिळाला तर उत्तमच; तो उर्दूत असेल, वाचणारा सोबत न्या. या जमिनीच्या उत्पन्नावर दिवाबत्ती, पूजा आणि देवळाची निगा चालायची. जमिनीचा आणि सेवेचा संबंध तुटला की छतावरचं गवत उपटणारंही कुणी उरत नाही. पडझडीची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच झालेली असते.

देऊळ संरक्षित यादीत आहे का, हे राज्य पुरातत्त्व विभागाकडून लेखी घ्या. असेल तर परवानगीशिवाय एक दगडही हलवता येणार नाही.

चुना_आणि_पाषाण
वाचेल. पाडायचं कारण मला तरी दिसत नाही.

पहिलं काम टेका. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून तुळई मधोमध तडकते. तिच्यावर वजन कुणी वाढवलं ते बघा: १० सेंटीमीटर सिमेंट काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला सुमारे २४० किलो. ६४ चौरस मीटरवर १५ टन! तडकलेल्या तुळईखाली दोन्ही बाजूंनी सागाचे किंवा लोखंडी टेके द्या, खाली-वर जाड फळी घालून. पाचर हातानं घट्ट बसेल इतकीच ठोका. जॅकनं तुळई वर ढकलली तर शेजारचे सांधे उघडतात.

मग कोबा उतरवा, फेब्रुवारी ते मे दरम्यान. छिन्नी-हातोड्यानं, कडेकडून, दोन्ही बाजूंनी सारखा. ब्रेकर मशीन अजिबात लावू नका. मलबा छतावर साठू देऊ नका, रोजचा रोज खाली.

आता पाणी. सगळे छताकडं बघतात, पण तुमचं गाभाऱ्यातलं पाणी गोमुखाचं, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणाऱ्या दगडी पन्हाळीचं असू शकतं. पूर्वाभिमुख देवळात अभिषेकाचं पाणी उत्तरेला बाहेर पडतं. गावातला सिमेंट रस्ता थरावर थर चढत गेला की गोमुख मातीखाली जातं आणि पाणी उलटं आत येतं. पिंपळ उत्तरेला, खचलेला कोपरा ईशान्येला. दोन्हींना पाणी तिथंच मिळतंय. उत्तरेची भर मूळ जोत्याच्या पातळीपर्यंत हातानं उतरवा. एका वेळी एक-दीड मीटरच उघडा, सगळी बाजू एकदम नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून पाया वर्षभर हलत राहतो. जोत्यालगत दीड मीटर रुंद फरसबंदी करा, ३० ला १ उतार बाहेरच्या बाजूला, पुढं गटार.

पिंपळ ओढून काढू नका, मुळासोबत दगड येतो. खोड भिंतीलगत कापा आणि ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा. ग्लायफोसेट वापरायचं तर परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच. मुळं पूर्ण वाळल्यावरच पोकळी चुन्याच्या पातळ काल्यानं भरा.

गोदाकाठ
गोमुख खरंच दिसत नाही, उत्तरेला रस्ताच आहे. दादा, चुन्याचं प्रमाण सांगाल का? मिस्त्री म्हणतोय थोडं सिमेंट घातल्याशिवाय धरत नाही.

चुना_आणि_पाषाण
धरतो, पण घाई चालत नाही. मिस्त्रीला सिमेंटच्या वेगाची सवय असते, तक्रार तिथून येते.

कळीचा चुना विझवून, गाळून, पाण्याखाली किमान १५ दिवस ठेवा, महिना ठेवला तर अधिक चांगलं. १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटेची भुकटी), १ भाग धुतलेली वाळू. सुरखी नीट भाजलेल्या विटेची, कच्च्या विटेची माती होते. गूळ आणि बेलफळाचं पाणी जुने कारागीर घालतात, घाला, पण बेतानं. नवा कोबा वीटतुकड्यांचा, सरासरी ७ सेंटीमीटर, ६० ला १ उतार, लाकडी थापीनं ठोकून घट्ट केलेला. वरून ओली पोती किमान दहा दिवस. उन्हात उघडा राहिला तर भुसभुशीत होतो.

भिंतीचे मूळ सांधे कोरडे आहेत. काळ्या दगडातून ओल फारशी बाहेर पडत नाही, ती सांध्यांतून पडते. सिमेंट तोच रस्ता बुजवतं, मग कडेचे पापुद्रे सुटतात. ते सिमेंट निघेल तेवढं काढा. दगडाची कड तुटत असेल तिथं राहू द्या.

अश्मक
रंगाचं राहिलं. सँडब्लास्टिंग, ग्राइंडर, ॲसिड, तारेचा ब्रश, चारही नकोत. कोपऱ्यातल्या हातभर जागेवर पेंट रिमूव्हर लावून नायलॉनच्या ब्रशनं बघा. अक्षरं असण्याची शक्यता आहे तिथं जाणकार येईपर्यंत हात लावू नका.

चुना_आणि_पाषाण
आणि आजच एक करा: प्रत्येक तड्यावर आडवी पातळ काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा अजून चालू आहे. एक पावसाळा आणि पुढचा उन्हाळा नोंद ठेवा, त्याआधी खचलेल्या कोपऱ्याचे दगड उतरवू नका.