मदत हवी आहे: 'विन' आणि 'बीट' नेमकं कुठे वापरायचं?

हळदुला: 'इंडिया वन ऑस्ट्रेलिया' हे वाक्य चूक का? आपण 'शत्रूला जिंकलं', 'किल्ला जिंकला' असं सर्रास म्हणतो, मग इंग्रजीत कुठे अडतं? शिवाय 'विन ओव्हर', 'विन अगेन्स्ट', 'विन बाय' यांतला फरकही हवा आहे. आठवीच्या मुलांना शिकवायचंय, उदाहरणं दिलीत तर बरं.

रानमेवा: आपलं 'जिंकणे' फार ऐसपैस आहे, तिथेच घोळ होतो. 'विन'चं कर्म म्हणजे पणाला लागलेली गोष्ट: सामना, नाणेफेक, पैज, निवडणूक, खटला, कंत्राट, पदक. समोरचा गडी तिथे बसत नाही. गडी आला की 'बीट' किंवा जरा औपचारिक 'डिफीट'.

2 एप्रिल 2011 चा वानखेडेवरचा अंतिम सामना घ्या. 'श्रीलंका वन द टॉस', 'इंडिया वन द फायनल', पण 'इंडिया बीट श्रीलंका'. हेच उलट सांगायचं तर 'श्रीलंका लॉस्ट टू इंडिया'. त्यातला 'टू' गाळलात तर श्रीलंकेच्या हातून भारत कुठेतरी गहाळ झाला!

फरक सांगायला 'बाय': 2011 ला 'बाय सिक्स विकेट्स', 1983 ला लॉर्ड्सवर 'बाय 43 रन्स'. 'विथ सिक्स विकेट्स' लिहू नये.

दोनओळी: रूपं पाठच करून घ्या. विन-वन-वन, 'विन्ड' असं रूप नाही. हा 'वन' उच्चाराला एक आकड्यासारखाच, त्यामुळे श्रुतलेखनात मुलं हमखास आकडा लिहितात. बीट-बीट-बीटन, भूतकाळी 'बीटेड' नाही. आणि 'बीटन' दीर्घच म्हणायचं. ऱ्हस्व झालं की 'वी वेअर बिटन', म्हणजे आम्हाला काहीतरी चावलं.

रानमेवा: किल्ल्याचं राहिलं. लढाई किंवा युद्ध 'विन' करता येतं, गड नाही. 1670 मध्ये मराठ्यांनी कोंढाणा घेतला, तिथे 'कॅप्चर्ड' किंवा 'टुक'. अख्खा मुलूख असेल तर 'काँकर्ड'. मतदारसंघ मात्र 'विन' होतो, कारण निवडणुकीत तोच पणाला असतो.

कोरडवाहू: 'ओव्हर'ची दोन कामं आहेत, ती वेगळी शिकवा. 'अ विन ओव्हर श्रीलंका' यात 'विन' नाम आहे, अर्थ श्रीलंकेवरचा विजय. 'शी वन देम ओव्हर' यात क्रियापद आहे, अर्थ मन वळवलं, आपलंसं केलं. इथे सर्वनाम मधेच येतं. 'वन ओव्हर देम' ऐकायला खटकतं. क्रियापद वापरून प्रतिस्पर्धी सांगायचाच असेल तर 'वन अगेन्स्ट'.

पदकांचीही गंमत आहे. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्य मिळवलं, ते 'वन अ ब्राँझ' बरोबर. पण म्हणून त्या स्पर्धेचे 'द विनर' ते नव्हेत. तो पहिला आलेला. 'मेडल विनर' चालेल.

पगार 'अर्न' करतात, 'विन' नाही. 'विनिंग्ज' म्हणजे जुगारात किंवा पैजेत हाती आलेले पैसे. 'विनिंग स्माइल' मात्र मोहक हसू, स्पर्धेशी संबंध नाही.

हळदुला: छान उलगडलंत. 'व्हिक्टरी' आणि 'विन' एकाच मुळातले का?

दोनओळी: नाही, दिसतात तसे. 'विन' जुन्या इंग्रजीतला, तेव्हाचा अर्थ झटणे, झगडणे. 'व्हिक्टरी' लॅटिनमधून आला. 'इन्व्हिन्सिबल' आणि 'कन्व्हिन्स' त्याचे भाऊबंद. वापरात 'व्हिक्टरी' फक्त नाम आणि जरा भारदस्त. गल्लीतल्या क्रिकेटला 'अ विन' पुरे.

उच्चारही वेगळा. 'व्हिक्टरी'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'विन'ला ओठ गोल होतात, दात लागत नाहीत. मराठी 'व' दोन्हींच्या मधला, म्हणून मुद्दाम सराव लागतो.

हळदुला: मुलांची दोन वाक्यं तपासाल? 'वी विन द मॅच येस्टर्डे.' 'अवर स्कूल वॉज वन बाय देअर स्कूल.'

रानमेवा: पहिल्यात 'येस्टर्डे' आहे, म्हणून 'वी वन'. दुसऱ्याचा अर्थ त्यांनी तुमची शाळाच बक्षिसात नेली असा होतो. 'वॉज बीटन बाय' करा.