मदत हवी आहे: सापाची भीती आणि मुलाला पाळायचाय साप

माझं वय ४१. आठवतं तेव्हापासून सापाची भीती आहे. किती, तर मुलाच्या प्राण्यांच्या पुस्तकातली सापांची चार पानं मी चिकटपट्टीने बंद करून टाकली होती. टीव्हीवर साप दिसला की पाय खुर्चीवर ओढून घेते. अंधारात पाण्याचा पाइप पायाला लागला तर त्या रात्री झोप येत नाही. मला किंवा घरातल्या कुणाला कधी साप चावलेला नाही. लहानपणी साप दिसला की आई किंचाळत घराबाहेर पळायची, तेवढं मात्र लख्ख आठवतं.

आता मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याला कॉर्न स्नेक पाळायचाय. दीड वर्ष झालं, डोक्यातून जात नाही. वहीभर टिपणं काढली आहेत. मी नाही म्हटलं की वाद घालत नाही, वही मिटून खोलीत जातो. गेल्या महिन्यात त्याने मित्राकडचा साप हातात घेतला. तो फोटो बाबांना दाखवला, मला नाही. हे कळलं तेव्हा फार लागलं.

या वयात ही भीती जाते का? "साप घरात आला की आपोआप सवय होईल," असं ह्यांचं म्हणणं आहे, ते बरोबर आहे का? आणि ज्यांच्याकडे कॉर्न स्नेक आहे त्यांनी रोजचं जगणं कसं असतं ते सांगा. माझं मन राखायला काही लपवू नका.

प्रतिसाद १

ताई, जाते. माझी गेली, आणि मी तुमच्याहून वयाने मोठा आहे. पण घरात साप आणून घालवायची म्हणत असाल तर कृपया तसं करू नका. भीतीची मात्रा किती आणि कधी, हे तुमच्या हातात राहायला हवं. साप चोवीस तास घरात असला की ते हातात राहत नाही. मग तुम्ही त्या खोलीत जाणंच सोडाल, आणि टाळलं की भीती आणखी मुरते.

मी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. आधी सापाचं रेखाचित्र, मग फोटो, मग आवाज बंद करून व्हिडिओ, मग काचेपलीकडचा खरा साप, तोही दारातूनच. प्रत्येक पायरीवर छाती धडधडते. ती धडधड आपसूक उतरेपर्यंत थांबायचं, एवढंच खरं काम. धडधड टिपेला असताना पळालो तर "पळालो म्हणून वाचलो" हेच मनात पक्कं होतं.

ही पद्धत जुनी, पारखलेली आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६९ मध्ये सापाला घाबरणाऱ्यांवर प्रयोग केले. नुसती फिल्म पाहणाऱ्यांपेक्षा, शेजारी माणूस साप हाताळताना पाहून मग त्याच्या मदतीने स्वतः हळूहळू स्पर्श करणाऱ्यांना जास्त फायदा झाला. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८९ मध्ये अशा भीतींसाठी तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीची पद्धत मांडली.

तुमच्या आईबद्दल वाचून मानसशास्त्रज्ञ सुसान मिनेका यांचं काम आठवलं. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. दुसरी माकडं घाबरताना त्यांनी पाहिलं आणि तीही घाबरू लागली. तुम्हीही लहानपणी पाहून शिकलात, यात तुमचा काही दोष नाही. तुमचा मुलगा मात्र ते शिकला नाही. चिकटपट्टी लावलेल्या घरात वाढूनही!

माझं सगळ्यात जास्त बदललं ते स्पर्शाने. साप बुळबुळीत असणार असं मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो. अंग कोरडं निघालं, गुळगुळीत आणि घट्ट. तो टक लावून बघतो असं वाटतं, कारण त्याला पापण्याच नसतात. जीभ लपलपते ती वास घ्यायला.

प्रतिसाद २

माझ्याकडे सहा वर्षांपासून कॉर्न स्नेक आहे. बिनविषारी, साधारण सव्वा ते दीड मीटर, स्वभावाने शांत. पिंजरा साफ असेल तर घरात वास येत नाही.

तुम्ही लपवू नका म्हणालात म्हणून सांगतो. त्याचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर, तेव्हा फ्रीझरमध्ये त्यांचा डबा राहणार. पिल्लाला आठवड्याने, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी. खाल्ल्यावर दोन दिवस हातात घ्यायचं नाही, नाहीतर उलटून टाकतो. डोळे निळसर धुरकट झाले की कात टाकणार, तेव्हाही त्याला निवांत राहू द्यायचं. पिंजऱ्याची एक बाजू ३० अंशांच्या आसपास, दुसरी २४च्या, दोन्हीकडे लपायला जागा. हीटर थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक ठेवणारं उपकरण) कधीच नको, साप भाजतो. हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा धोका असतो.

आणि हो, हा साप निसटण्यात पटाईत. झाकणाला कुलूप हवंच. तुमच्यासारखीच्या घरात एकदा जरी निसटला तरी महिन्यांची मेहनत वाया जाईल.

रानातून पकडलेला साप कधीही घेऊ नका. तुमच्याकडच्या कायद्यात बसतो का ते आधी पाहा, आणि बंदिवासात जन्मलेलाच घ्या. तो पंधरा-वीस वर्षं जगतो. मुलगा शिकायला बाहेर गेला की त्याला कोण बघणार, हे आजच ठरवा. बाबा की तुम्ही?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तो शेवटचा प्रश्न मी घरात विचारला. बाबा बघतील, असं ठरलं, आणि ते त्यांनी मुलासमोर कबूल केलं. साप मात्र आत्ता नाही. मी सापाच्या काचेजवळ दहा मिनिटं उभी राहू शकले की मग विचार करायचा. मुलाला हे पटलं.

पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. काल एका पानाची चिकटपट्टी काढली. पान थोडं फाटलं. मुलगा शेजारी बसून राहिला, बोलला काहीच नाही. हात थरथरत होते, पण पुस्तक मिटलं नाही.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्या दादांना एक विचारायचंय: फोटोच्या पायरीवर तुम्हाला किती दिवस लागले?