मदत हवी आहे: एचआर संघटनेच्या शाखेचं मानद सचिवपद घेण्याआधी काय तपासावं?

भोसरीकर
राष्ट्रीय पातळीवरच्या एका एचआर संघटनेच्या स्थानिक शाखेत सचिवपदासाठी माझं नाव सुचवलंय. निवड बिनविरोध होईल. सभासद १४०, मासिक कार्यक्रमाला येणारे २५-३०. कार्यकारिणीत ११ जण, त्यातले काम करणारे ३. नोकरी कारखान्यातली. तीन प्रश्न आहेत: महिन्याला खरोखर किती वेळ जातो? पदभार घेताना काय काय ताब्यात घ्यायचं? उरलेल्या आठ जणांकडून काम कसं करून घ्यायचं? 'ओळखी वाढतील' यापलीकडे कोणी काही सांगत नाही.

कीर्द_खतावणी
दुसरा प्रश्न आधी, कारण अडकतात ते तिथेच. शाखा स्वतंत्र नोंदलेली आहे की मुख्य संस्थेचाच भाग आहे, आणि बँक खात्याला पॅन कोणाचा जोडलाय, हे आधी विचारा. पॅन मुख्य संस्थेचा असेल तर तुमचा जमाखर्च त्यांच्या विवरणपत्रात जातो. तुम्ही हिशेब उशिरा दिलात की त्यांचं ऑडिट रखडतं. शाखा महाराष्ट्रात विश्वस्त संस्था म्हणून वेगळी नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली, पदाधिकारी बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांची नोंद करा असा अर्ज) द्यावा लागतो. मागच्या दोन कार्यकारिणींचे बदल अर्ज मंजूर झालेत का, ते बघा. ते लटकलेले असले तर कागदोपत्री अजून जुनीच मंडळी पदाधिकारी असतात आणि बँक नेमकं त्यावर बोट ठेवते.

ताब्यात घ्यायचं ते असं: घटनेची प्रत (दुरुस्त्यांसह), इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, पावतीपुस्तकं (वापरलेली आणि कोरी, क्रमांक लिहून), शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, मुदत ठेवीच्या पावत्या. शाखेच्या ईमेलचा पासवर्ड, संकेतस्थळाच्या नावाचं नूतनीकरण कोणाच्या खात्यातून होतं ती माहिती आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपचे अ‍ॅडमिन हक्कही त्यातच आले. यादी दोन प्रतींत करा, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या घ्या.

नेट बँकिंगचा ओटीपी माजी खजिनदाराच्या मोबाइलवर जात असतो आणि खजिनदार बदली होऊन दुसऱ्या शहरात गेलेला असतो, हा हमखास घोळ. म्हणून पहिल्याच सभेत ठराव घ्या:

«शाखेच्या बचत खात्याचे व्यवहार अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने करावेत, त्यांत खजिनदाराची सही आवश्यक राहील. माजी पदाधिकाऱ्यांच्या सह्या आजपासून रद्द समजाव्यात. खात्याचा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलून विद्यमान खजिनदारांचा करावा.»

सूचक-अनुमोदकांची नावं लिहा. मोबाइलचं वाक्य बहुतेक लोक विसरतात आणि मग बँक दुसरा ठराव मागते.

दुसरी_पाळी
वेळेचं बोलायचं तर मासिक कार्यक्रम असेल तर १२ ते १५ तास धरा. त्यातला कार्यक्रमाच्या दिवशीचा वेळ जेमतेम चार तास. बाकी वक्ता, हॉल, सूचना, आठवण, इतिवृत्त, बिलं. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या महिन्यात याच्या दुप्पट.

तारीख चुकली की सभागृह रिकामं. २५ तारखेपासून पुढच्या ७ पर्यंत पगारपत्रकाची धांदल, १५ ला पीएफ-ईएसआयचा (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विम्याचा) भरणा. त्यामुळे १६ ते २४ यातलाच दिवस धरा. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, आयटीवाल्यांना शनिवार-रविवार. दोघंही हवे असतील तर बुधवारी संध्याकाळी साडेसहा. जानेवारीत पॉशच्या (कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणाऱ्या कायद्याच्या) वार्षिक अहवालावर कार्यक्रम ठेवायचा तर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हवा, तोही पगाराची गडबड आणि पीएफ यांच्या मधल्या आठवड्यात. मुदत ३१ जानेवारीची असते, शेवटच्या आठवड्यात ऐकून काय करणार?

विषयही तसाच. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्यापासून 'वेतना'च्या व्याख्येवरची सत्रं भरतात: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरची रक्कम वेतनात धरायची, मग ग्रॅच्युइटीवर किती बोजा पडतो, याचं गणित फळ्यावर करून दाखवणारा वक्ता आणा. 'नेतृत्वाचे सात मंत्र' छाप कार्यक्रमाला फक्त चहा संपतो.

विनाकेआरए
आठ जणांचं काय? आपली एचआरची मंडळी स्वयंसेवकांना केआरए (नोकरीत ठरवून देतात तशी कामाची उद्दिष्टं) लावायला जातात आणि तिथेच फसतात. इथे ना पगार, ना अ‍ॅप्रेझल. नाही म्हणणाऱ्याचं तुम्ही काय करणार? 'कार्यक्रम तुम्ही बघा' असं सांगू नका. 'मंगळवारी दुपारपर्यंत वक्त्यांना फोन करून प्रोजेक्टर लागेल का ते विचारा, ग्रूपवर टाका' असं सांगा. काम एका बैठकीत संपणारं हवं, तारखेसह. दोनदा झालं की मग मोठं द्या. तीन सभांना सलग गैरहजर राहिल्यास पद रिक्त, असं कलम घटनेत बहुधा असतं. ते वाचून ठेवा, पण लगेच उगारू नका.

सहसचिव पहिल्या दिवसापासून हवा. प्रत्येक पत्रव्यवहाराची प्रत त्याला जाऊ दे. नाहीतर दोन वर्षांनी तुम्हीच पुन्हा.

कीर्द_खतावणी
एक राहिलं. कार्यकारिणीत मनुष्यबळ पुरवठादार किंवा प्रशिक्षण संस्थेचे मालक असतील तर प्रायोजकत्वाच्या ठरावावर त्यांनी मत देऊ नये, आणि तसं इतिवृत्तात लिहावं. प्रायोजक सभासदांची यादी मागतातच. फोन नंबरांसह एक्सेल देऊ नका. सभासद अर्जात 'माहिती प्रायोजकांना द्यावी / देऊ नये' अशी चौकट घाला. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय आणि आपण लोकांना तोच शिकवतो!

भोसरीकर
पॅनचं विचारलं. खातं मुख्य संस्थेच्या पॅनवर आहे, पण गेल्या वर्षीचे हिशेब अजून पाठवलेले नाहीत. अशा वेळी पद घ्यावं का?

कीर्द_खतावणी
घ्या, पण अट घालून. पदभाराच्या तारखेची बँक शिल्लक आणि रोख शिल्लक इतिवृत्तात आकड्यासह लिहून घ्या, बँक उतारा जोडा. आधीचे हिशेब माजी खजिनदार ३० दिवसांत देतील, असा वेगळा ठराव करा. पदभाराच्या दिवसापर्यंतच्या कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका, कोणी कितीही 'फक्त फॉर्म्यालिटी' म्हणालं तरी.